नेब्रास्कातल्या जर्मन शेतकरी घराण्याचं मूळ गाव कसं शोधायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लग्न होऊन तुम्ही ओमाहाला आलात. नवऱ्याकडची मंडळी नॉरफोकजवळच्या शेतावरची. खापरपणजोबा ‘प्रशियातून आले आणि सरकारकडून जमीन मिळवली’, एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक. एलिस आयलंडच्या (न्यूयॉर्कला स्थलांतरित उतरायचे त्या जुन्या केंद्राच्या) संकेतस्थळावर नाव टाकून टाकून थकलात. सासूबाईंकडे एक जुनं जर्मन बायबल आहे, पण त्यातल्या हाताने लिहिलेल्या नोंदी कुणालाच लागत नाहीत. मुलीला शाळेसाठी घराण्याचा इतिहास लिहायचाय, आणि डीएनए चाचणी करून घ्यावी का, असंही तुम्ही विचारलंय.

मी विस्कॉन्सिनमध्ये राहते आणि जर्मन शेतकरी कुटुंबांच्या वंशावळी शोधून देणं हेच माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही जहाज शोधताय, पण अडलंय ते गावापाशी. जर्मनीत १८७४-७६ च्या आधी बहुतेक ठिकाणी सरकारी जन्ममृत्यू नोंद नव्हती (ऱ्हाइनच्या डाव्या काठावर फ्रेंचांनी ती १७९८ मध्येच सुरू केली होती, तो भाग वेगळा). नोंदी ठेवायचं चर्च, आणि तेही आपापल्या हद्दीतल्या गावांपुरत्या. साऱ्या देशाची एकत्र यादी कुठेच नाही. त्यामुळे गावाचं नाव हातात नसेल तर जर्मनीतल्या कागदांत शिरून उपयोग नाही. आणि ‘प्रशिया’ म्हणजे त्या काळी ऱ्हाइन नदीपासून पार मेमेलपर्यंत पसरलेलं राज्य. नुसतं प्रशिया म्हणून काहीच कळत नाही. माझा नियम सोपा आहे: गाव कळेपर्यंत समुद्र ओलांडायचा नाही. ते नाव बहुतेक वेळा अमेरिकेतल्याच कुठल्यातरी कागदावर असतं, फक्त ज्या कागदावर लोक शोधतात त्यावर नसतं.

एलिस आयलंड आधी बाजूला ठेवा. ते केंद्र १ जानेवारी १८९२ ला सुरू झालं. तुमच्या घरातल्या आठवणींवरून खापरपणजोबा त्याच्या बरेच आधी आलेले दिसतात. न्यूयॉर्कला त्याआधी १८५५ पासून कॅसल गार्डन होतं, आणि त्याच्याही आधी लोक थेट धक्क्यावर उतरायचे. जहाजाच्या याद्या १८२० पासून आहेत, पण त्या काळच्या अमेरिकन यादीत नाव, वय, धंदा आणि ‘प्रशिया’ किंवा ‘जर्मनी’, एवढंच मिळतं. गाव हवं तर निघण्याच्या बंदरातली यादी लागते. हॅम्बुर्गच्या याद्या १८५० पासून टिकल्यात आणि त्यांत राहतं गाव लिहिलेलं असतं. ब्रेमनच्या मात्र १९२० च्या आधीच्या जवळपास सगळ्या गेल्या. काही जागेअभावी कचेरीनेच नष्ट केल्या, काही युद्धात गेल्या. पूर्वज ब्रेमनहून निघाले असतील तर ती वाट बंद. म्हणून हॅम्बुर्गची यादी एकदा पाहून घ्या, पण त्यावर महिने घालवू नका.

आता नॉरफोक. तुम्ही नॉरफोक म्हणालात म्हणून माझे कान टवकारले. हे गाव वसवलं ते विस्कॉन्सिनहून आलेल्या जर्मन लुथरन (म्हणजे प्रोटेस्टंट) शेतकऱ्यांनी. आयक्सोनिया आणि वॉटरटाउनच्या परिसरातली कुटुंबं १८६६ च्या उन्हाळ्यात गाड्यांचे तांडे करून एल्कहॉर्न नदीच्या उत्तरेकडच्या फाट्यावर आली आणि तिथे त्यांनी जमिनी धरल्या. नेब्रास्का तेव्हा राज्यसुद्धा झालं नव्हतं, ते झालं १ मार्च १८६७ ला. म्हणजे तुमच्या घरात ‘प्रशियातून नेब्रास्कात आले’ असं जे सांगतात, त्यात मधला दहा-पंधरा वर्षांचा विस्कॉन्सिनचा मुक्काम गळला असण्याची दाट शक्यता आहे. पिढ्या गेल्या की अशा मधल्या वस्त्याच आधी विसरल्या जातात.

तुमचे पूर्वज त्याच तांड्यांत होते की नंतर आले, हे इथे बसून मला सांगता येणार नाही. नंतरही पुष्कळ लोक आले, काही थेट जर्मनीतून. पण तपासायला वेळ लागत नाही. १८७० आणि १८८० च्या जनगणनेत कुटुंब काढा आणि मुलांच्या जन्मस्थळाचा रकाना वरून खाली वाचा. समजा थोरला तेरा वर्षांचा, जन्म प्रशिया. दुसरी दहाची, विस्कॉन्सिन. तिसरा सातचा, विस्कॉन्सिन. धाकटी दोनची, नेब्रास्का. एवढ्यावरून कुटुंबाचा प्रवास समोर येतो: थोरल्या दोघांच्या जन्मांच्या मधल्या काळात समुद्र ओलांडला, आणि तिसरा व धाकटी यांच्यामध्ये कधीतरी विस्कॉन्सिन सोडलं. जहाज शोधायचं तर तीनच वर्षं चाळायची.

मग १८६० च्या जनगणनेत विस्कॉन्सिनमधल्या जेफरसन आणि डॉज या दोन काउंट्या पाहा. वॉटरटाउन दोन्हींत पसरलंय, त्यामुळे एकीत नाव नसलं तर दुसरीत असतं. १८९० ची जनगणना बहुतेक सगळी जळाली, ती शोधत बसू नका. नेब्रास्कापुरती १८८५ ची राज्य जनगणना आहे, ती पोकळी थोडी भरून काढते. १९०० च्या जनगणनेत जन्माचा महिना, स्थलांतराचं वर्ष आणि बाईला एकूण मुलं किती झाली व हयात किती, हेही विचारलंय. स्थलांतराचं वर्ष मात्र लोक आठवणीने सांगत, एक-दोन वर्षं इकडेतिकडे धरून चाला.

यानंतर जमिनीची फाइल, आणि ही तुम्ही मागवायचीच. लिंकन यांनी २० मे १८६२ ला सही केलेल्या होमस्टेड कायद्याने १६० एकरांपर्यंत जमीन मिळायची. अट अशी की पाच वर्षं तिथे राहायचं, जमीन कसायची आणि मग पुरावा द्यायचा. जमिनीचा अंतिम दाखला, म्हणजे पेटंट, जनरल लँड ऑफिसच्या संकेतस्थळावर फुकट दिसतो. लोक तो छापून फ्रेम करतात आणि तिथेच थांबतात. त्यात नाव आणि सर्व्हेचे आकडे सोडले तर काही नाही. सगळा ऐवज त्या दाखल्यामागच्या फाइलमध्ये असतो. या फायली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. नेब्रास्काच्या फायली स्कॅन होऊन ऑनलाइनही आल्या आहेत.

फाइलमधला अंतिम पुराव्याचा कागद म्हणजे शेतकऱ्याची आणि दोन साक्षीदारांची जबानी. घर किती फूट बाय किती फूट, दारं किती, खिडक्या किती, छप्पर कशाचं, विहीर आहे का, गोठा कसला, किती एकर नांगरली, कोणतं पीक घेतलं, झाडं किती लावली, कुटुंब कोणत्या तारखेपासून तिथे राहतंय, मधे किती दिवस बाहेर होतं. तुमच्या मुलीच्या प्रकल्पाला याहून चांगलं काही मिळणार नाही. शाळेची मुदत जवळ असेल तर मूळ गावाचा नाद तात्पुरता सोडा, ही फाइल तिच्या हातात द्या आणि तिला त्या मापांवरून घराचा नकाशा काढू द्या.

आपल्या शोधासाठी त्या फाइलमधल्या दोन गोष्टी मोलाच्या. एक, नागरिकत्वाचा कागद. परदेशी माणसाला होमस्टेड मागायला निदान ‘मला नागरिक व्हायचंय’ असं कोर्टात लिहून द्यावं लागे, आणि दाखला मिळायच्या आधी पुरता नागरिक व्हावं लागे. त्याची नक्कल फाइलमध्ये लावलेली असते. २७ सप्टेंबर १९०६ च्या आधी हे काम कुठल्याही कोर्टात चालायचं, त्यामुळे मूळ कागद कोणत्या कोर्टात आहे हे शोधताना माणूस मेटाकुटीला येतो. फाइल ते आयतं सांगते. कोर्ट विस्कॉन्सिनचं निघालं तर वरचा सगळा तर्क पक्का झाला असं समजा. (विस्कॉन्सिनमध्ये नुसता इरादा जाहीर केला तरी मतदान करता यायचं, म्हणून तिथे लोक हे काम लवकर उरकत.) मात्र १९०६ पूर्वीच्या या कागदात ‘प्रशियाच्या राजाशी असलेली निष्ठा सोडतो’ एवढंच असतं, गाव नसतं. बायकांचे वेगळे कागद तर शोधूच नका. १९२२ पर्यंत नवऱ्याबरोबर बायको आपोआप नागरिक होत असे.

दुसरी गोष्ट, ते साक्षीदार. यांची नावं लिहून ठेवा. साक्षीदार म्हणजे शेजारचे शेतकरी, आणि हे शेजारी योगायोगाने शेजारी झालेले नसतात. हे लोक मंडळी करून निघाले, मंडळी करून विस्कॉन्सिनला राहिले आणि पुन्हा मंडळी करूनच नेब्रास्कात आले. एकाच गावचे किंवा पंचक्रोशीतले, एकमेकांचे मेहुणे, व्याही, मुलांच्या बाप्तिस्म्याचे साक्षीदार. माझ्या कामात मूळ गाव खुद्द त्या माणसाच्या कागदावर मिळण्यापेक्षा त्याच्या भावाच्या, बहिणीच्या किंवा शेजाऱ्याच्या कागदावर अधिक वेळा मिळालंय. म्हणून एका खापरपणजोबाऐवजी त्यांच्या भोवतीच्या सात-आठ घरांचा शोध घ्या. एकाच्या मृत्युलेखात गाव आलं की बाकीच्यांची दिशा ठरते.

तरी सगळ्यांत मोठी आशा चर्चच्या वह्यांवर. ही लुथरन मंडळी असतील असं मी धरून चालतेय. कॅथलिक असतील तर वह्या लॅटिनमध्ये आणि बिशपच्या कचेरीकडे, बाकी रीत तीच. अमेरिकेतला जर्मन पाळक मृत्यूची नोंद करताना मृताचं जन्मगाव लिहायचा, कारण त्याला स्वतःला ते ठाऊक असायचं, बहुधा तोही तिकडचाच. सरकारी कारकुनाला ‘जर्मनी’ पुरे होतं. लग्नाची नोंद, मुलांचे बाप्तिस्मे (त्यात आईचं माहेरचं आडनाव येतं) आणि कुटुंबवही असेल तर तीही पाहा. नेब्रास्कात राज्यभरची सरकारी मृत्युनोंद १९०४ च्या अखेरीस सुरू झाली, त्यामुळे त्याआधी वारलेल्या माणसासाठी चर्चइतका दुसरा आधार नाही.

वही मिळवायची कशी? आधी थडगं कोणत्या चर्चच्या दफनभूमीत आहे ते पाहा, तिथून चर्च कळतं. चर्च चालू असेल तर कचेरीत फोन करा. ‘आमच्या घराण्याचं जे काही असेल ते पाठवा’ असं म्हणू नका. एक नाव, एक घटना, अंदाजे वर्ष एवढंच सांगा आणि त्या पानाचा फोटो मागा. भाषांतर करून मागू नका, फोटोच मागा, कारण कचेरीतल्या बाईंनाही ते अक्षर लागत नाही आणि त्या अंदाजाने काहीतरी लिहून देतात. काम झालं की चर्चला थोडी देणगी पाठवा, पुढच्या फोनला तुमचं नाव लक्षात राहतं. चर्च बंद पडलं असेल तर वह्या त्या त्या सिनॉडच्या (म्हणजे चर्चच्या संघाच्या) अभिलेखागारात जातात. मिसुरी सिनॉडचं सेंट लुईसला आहे. आणि हो, विस्कॉन्सिनच्या चर्चला विसरू नका. थोरल्या पिढीतलं कुणी तिथेच वारलं असेल तर जन्मगाव तिथल्या वहीत असणार.

आता बायबल. पहिलं काम म्हणजे छपाईच्या वर्षाचं पान पाहा. बायबल छापल्याच्या आधीच्या तारखा त्यात असतील तर त्या नंतर आठवून लिहिलेल्या आहेत, त्यांच्यावर थोडा कमी भरवसा ठेवा. हस्ताक्षर कुरेंट, म्हणजे जुन्या जर्मन वळणाचं असणार. आपल्याला मोडी जशी देवनागरी येत असूनही लागत नाही, तशी रोमन येणाऱ्याला कुरेंट लागत नाही. पण आठ-पंधरा दिवस रोज थोडं गिरवलं की डोळा बसतो. ‘ई’चं अक्षर ‘एन’सारखं दिसतं. ‘एन’ आणि ‘यू’ सारखेच, म्हणून ‘यू’वर छोटी कमान काढतात. ‘एच’ला वर एक आणि खाली एक फासा. दिलासा असा की माणसांची आणि गावांची नावं पुष्कळदा साध्या रोमन वळणात लिहिलेली असतात, कुरेंट असतं ते बाकीचं वाक्य.

दोन जागी हमखास फसगत होते. ‘गेब.’ म्हणजे जन्म आणि ‘गेट.’ म्हणजे बाप्तिस्मा. कुरेंटमध्ये ही दोन्ही जवळपास सारखी दिसतात, त्यामुळे एकाच मुलाच्या दोन तारखा दिसल्या की लोक दोन मुलं धरतात. आणि महिन्याच्या जागी ७ आणि त्यापुढे ‘बर’ असं दिसलं तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. तसाच ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर, १० म्हणजे डिसेंबर. पानाचे फोटो काढताना फ्लॅश नको, खिडकीशी बाजूने उजेड येईल असं धरा, पुसट शाईही उठून दिसते.

नावांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. जर्मन मुलाला बाप्तिस्म्यात दोन-तीन नावं मिळतात आणि हाक मारायचं नाव बहुधा पहिलं नसतं. योहान फ्रीडरिख विल्हेल्म हा घरीदारी विल्हेल्म, अमेरिकेत विल्यम. त्याचे तिन्ही भाऊही योहान असू शकतात. म्हणून जनगणनेत विल्यम आणि चर्चमध्ये योहान दिसला म्हणून माणूस वेगळा ठरत नाही. आडनावं कारकुनाने ऐकली तशी उतरवलेली असतात: श्रोडरचा श्रेडर, येगरचा यीगर, कॉखचा कुक. एलिस आयलंडवर अधिकाऱ्यांनी नावं बदलली ही गोष्ट घरोघरी ऐकू येते, पण तिला आधार नाही. तिथले कारकून जहाजावर आधीच लिहून आलेली यादी तपासत. नावं बदलली ती पुढे, शाळेत, बँकेत, शेजाऱ्यांच्या तोंडी, आणि कित्येकदा घरच्यांनीच मुद्दाम बदलून घेतली.

तुमच्या सासरी कुणालाच काही माहीत कसं नाही, याचं तुम्हाला नवल वाटलंय. आपल्याकडे मूळ गाव आणि कुलदैवत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, असं तुम्ही लिहिलंय. यांचंही ठाऊक होतं, पण मधे पहिलं महायुद्ध आलं. जर्मन बोलणारा माणूस संशयित ठरला. नेब्रास्काने १९१९ मध्ये कायदाच केला की आठवी पास होण्याआधी मुलांना परकी भाषा शिकवायची नाही. हॅम्प्टन गावातल्या लुथरन शाळेतले शिक्षक रॉबर्ट मेयर यांनी १९२० मध्ये दहा वर्षांच्या मुलाला जर्मनमधून बायबलच्या गोष्टी वाचायला शिकवल्या, म्हणून त्यांना दंड झाला. सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा १९२३ मध्ये रद्द ठरवला. कायदा गेला तरी धसका राहिला. आजीआजोबांनी मुलांशी जर्मन बोलणं सोडलं आणि गावाच्या गोष्टीही त्याबरोबर थांबल्या. सासूबाईंना विचारताना हे लक्षात असू द्या. ‘कुठून आले’ असं न विचारता ‘नाताळला काय करायचे, कोणती गाणी म्हणायचे, कोणाला पत्रं लिहायचे’ असं विचारा. पत्राच्या पाकिटावर पत्ता असतो.

डीएनए चाचणी तूर्त नको. ती दूरचे नातेवाईक दाखवते, गाव दाखवत नाही. पुढे एखादा चुलत घराण्यातला माणूस हवा असेल तेव्हा करा, आणि तीही सासूबाई किंवा सासरे यांची, जी वडीलधारी पिढी त्या घराण्याची असेल तिची. इंटरनेटवर लोकांनी टाकलेल्या तयार वंशावळींबद्दल माझं मत फारसं बरं नाही. एकाने चुकीचं गाव लिहिलं की पन्नास जण ते उतरवून घेतात आणि मग ते पन्नास ठिकाणी आहे म्हणून खरं वाटतं. खाली मूळ कागदाचा फोटो जोडलेला असेल तेवढंच घ्या.

गाव मिळालं की मगच समुद्रापलीकडे. १९१२ चा मायर्सचा गॅझेटियर (जर्मन गावांचा कोश) ऑनलाइन फुकट आहे. त्यात गाव टाकलं की ते कोणत्या जिल्ह्यात आणि चर्च कुठलं, ते कळतं. गावात चर्च असेलच असं नाही, वही शेजारच्या मोठ्या गावात असू शकते. आणि एकाच नावाची गावं डझनावारी आहेत, नॉयेनडॉर्फ म्हणजे नुसतं नवं गाव, ते प्रत्येक जिल्ह्यात. अशा वेळी ते शेजारी पुन्हा उपयोगी पडतात: त्यांची गावं ज्या नॉयेनडॉर्फच्या आसपास आहेत, तेच तुमचं.

वॉटरटाउनच्या परिसरात पूर्वेकडच्या प्रशियन प्रांतांतली, विशेषतः पोमेरानियातली, पुष्कळ मंडळी होती. त्या प्रांतांचा मोठा भाग १९४५ पासून पोलंडमध्ये आहे: श्टेटिनचं श्चेचिन झालं, क्योस्लिनचं कोशालिन. युद्धात कित्येक गावांच्या वह्या गेल्या, कित्येक वाचल्या. हे गावागणिक वेगळं. वाचलेल्या वह्या काही पोलंडच्या सरकारी अभिलेखागारांत आहेत आणि त्यांचे स्कॅन फुकट पाहता येतात, काही बर्लिनला चर्चच्या अभिलेखागारात. प्रोटेस्टंट वह्यांसाठी आर्खिओन हे पैसे भरून वापरायचं संकेतस्थळ आहे, कॅथलिकांसाठी मात्रिकुला फुकट. पोझेन प्रांत निघाला तर १८०० ते १८९९ मधल्या लग्नांची सूची पोझनान प्रोजेक्टवर मिळते. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर यांपैकी बरंच आहे, फक्त नोंदींच्या काही फिल्म घरून उघडत नाहीत, त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात जाऊन पाहाव्या लागतात. पोलिश अभिलेखागाराला ईमेल करायचा झाला तर गावाचं जुनं जर्मन आणि आजचं पोलिश अशी दोन्ही नावं लिहा, धर्मपंथ आणि वर्ष लिहा, पत्र पोलिशमध्ये गुगल ट्रान्सलेट करून पाठवलं तरी चालतं. उत्तर पोलिशमध्ये येईल, जोडलेली नोंद मात्र जर्मनमध्येच असेल.